गाळलेला चौथा नियम

आमच्या घरात माझ्या दुखण्याचं नाव कंबरदुखी होतं. ते नाव मीच ठेवलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची सोय नव्हती. खरं दुखणं कमरेच्या खाली होतं. माझं अंग बाहेर येत होतं, म्हणजे गर्भाशय जागेवरून सुटून खाली उतरलं होतं. आज हे मी दोन ओळींत लिहून मोकळी झाले. त्या वेळी एवढंच नवऱ्याला सांगायला मला अकरा दिवस लागले होते.

वैद्यकी शिकवायला मी बसलेली नाही, ती मला येत नाही. पण हे दुखणं घेऊन बसलेल्या पुष्कळ बायका आहेत हे मला आता ठाऊक आहे. कुणी त्याला पोट म्हणते, कुणी अशक्तपणा, कुणी माझ्यासारखी कंबर. त्यांतल्या एखादीच्या हाती हा कागद पडला तर तिचे पाच महिने वाचतील.

हौदावर

लढाईचे दिवस होते. आम्ही साताऱ्यात राहत होतो. घरात सासूबाई, मामंजी, हे, मी आणि चार वर्षांची कुमुद. मामंजी पेन्शनीत होते. हे कोर्टात कारकून होते.

कुमुदच्या पाठीवर मला मुलगा झाला. दोन दिवस मी अडले होते. सुईणीने जमेल ते सगळं केलं, पण मूल रडलंच नाही. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

मांडीवर मूल नव्हतं, त्यामुळे बाळंतपणही लवकर संपलं. महिन्याभरात मी उठून कामाला लागले आणि हौदावरून पाणी आणू लागले. एके दिवशी डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेऊन चढ चढत असताना आतून काहीतरी सुटून खाली आल्यासारखं वाटलं. अंगावरून जात असेल असं समजून मी तशीच घरी आले. न्हाणीत जाऊन हात लावला तर हाताला काहीतरी मऊ, ओलसर, लिंबाएवढं लागलं.

मला वाटलं, मुलाचं काहीतरी आत राहून गेलं होतं ते आता येतंय. ते बोटाने वर सारलं तर सरकलं. मी हात धुतले आणि भाकऱ्या थापायला बसले. इतकी घाबरले होते की भाकऱ्या कधी झाल्या ते मला कळलं नाही.

मग रोज तेच सुरू झालं. सकाळी जागेवर असायचं आणि दुपारनंतर उतरायचं. उकिडवं बसलं की उतरायचं, खोकला आला तरी उतरायचं. मी पाय जपून टाकू लागले. सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय होतंय गं तुला?"

"कंबर धरलीय."

सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर हे लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी त्याच संध्याकाळी निरगुडीचं तेल कोमट करून स्वतःच्या हाताने माझी कंबर चोळली, वर शेक दिला. आणि म्हणाल्या, "कंबर बसून राहिलं की धरते. जात्यावर बसत जा, मोकळी होईल." त्यांच्या आईनेही त्यांना हेच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरचं सगळं दळण माझ्याकडे आलं. दळताना अंग आणखी उतरायचं. मी ओव्या न म्हणता दळते म्हणून त्या मला हसायच्या.

नक्कल

अकराव्या दिवशी मी ह्यांना सांगितलं. तोंडाकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघून सांगितलं. ह्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टरना दाखवायचं का?"

"पुरुष डॉक्टरला मी दाखवणार नाही."

आमच्या माहितीत साताऱ्यात तेव्हा स्त्री डॉक्टर नव्हती. मग ह्यांना योगाचे मास्तर आठवले. हे गृहस्थ पूर्वी शाळेत ड्रिल शिकवत. आता सकाळी एका देवळाच्या मंडपात पुरुषांकडून आसनं करून घेत. बायकांनी तिथे जायची पद्धत नव्हती. कुणाच्या बायकोला काही हवं असेल तर नवरा जाऊन विचारून येई आणि घरी येऊन सांगे. पुष्कळ घरांत असंच चाले, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

हे गेले आणि म्हणाले, "आमच्या घरातून जरा त्रास आहे. बाळंतपणानंतरचा."

मास्तर शहाणे होते. त्यांनी विचारलं, "काही खाली उतरल्यासारखं वाटतं का त्यांना?"

ह्यांनी आपल्या पायांकडे बघत मान हलवली. मास्तरांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नियमांचा कागद लिहून दिला आणि सांगितलं, यातली एकही गोष्ट सोडू नका.

ह्यांचं कोर्टातलं काम नकला करण्याचं होतं. दावे आले, फैसले आले की त्यांच्या नकला हे काढत. ह्यांच्या नकलेत कधी काना-मात्रेची चूक निघाली नाही, असं मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मास्तरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तेव्हा ह्यांनी माझ्यासाठी त्या कागदाची नक्कल काढली. स्वच्छ, सुवाच्य, समास सोडून लिहिलेले आठ नियम. ती मी स्वयंपाकघरात फळीखाली खिळ्याला अडकवली.

पहिला नियम, पोट रिकामं असताना करावं. दुसरा, उताणं निजून गुडघे मुडपावेत. तिसरा, श्वास पूर्ण भरून घ्यावा. चौथा, पाच अंक मोजेपर्यंत धरून ठेवावं, मग सावकाश सोडावं. पाचवा, असं दहा वेळा करावं. पुढे कंबर उचलण्याचं आसन होतं, भिंतीला पाय वर लावून निजणं होतं, आणि शेवटी घाई करू नये असं होतं.

मी रोज पहाटे चूल पेटवण्याआधी पोतं अंथरून हे करू लागले. सासूबाईंनी पाहिलं.

"हे काय आरंभलंस?"

"कमरेचा व्यायाम. योगाच्या मास्तरांनी सांगितलाय."

"मग नियमाने कर हो. चार दिवस करून सोडू नकोस."

मी सोडलं नाही. श्वास छाती फुटेपर्यंत भरून घ्यायची आणि कोंडून धरायची. नुसता श्वास कोंडून काही होत असेल असं पटेना, म्हणून मनाने खाली जोर लावायची. माझ्या शरीराच्या त्या भागाला आजवर एकच काम कुणी सांगितलं होतं, ते सुईणीने, आणि ते कळा देण्याचं. दुसरं काही त्याला येतं हेच मला माहीत नव्हतं. दहाऐवजी वीस वेळा करायची, पाचाऐवजी दहा अंक मोजायची. मला बरं व्हायचं होतं.

चार महिन्यांत लिंबाची मोसंबी झाली. ती वर सारली तरी राहीना. चालताना लुगड्याला घासून तिथे जखम झाली आणि पाणी येऊ लागलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर म्हणतात सहा महिने लागतात." मग मी हट्टाने माहेरी सांगलीला गेले.

आई

आगगाडीतून उतरून टांग्याने घरी आले. पायरी चढत होते तेवढ्यात आईने विचारलं, "कधीपासून?"

"कंबर धर..."

"कंबर धरलेलं माणूस असा पाय टाकत नाही."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. पाच महिन्यांत पहिल्यांदा रडले. आईने पाणी दिलं, कुमुदला आत नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली.

टेबल

सात-आठ खाटांचा लहानसा दवाखाना होता. बाई पंचेचाळिशीच्या, बोलण्यात तुटक. तपासताना मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "डोळे उघडा, मला उत्तरं हवीत. किती दिवस झाले?"

"पाच महिने."

"पाच महिने काय करत होता?"

"योगासनं."

मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. आत दोन बोटं ठेवूनच म्हणाल्या, "करून दाखवा."

मी श्वास भरला, कोंडला, नेहमीसारखा जोर लावला.

"थांबा, थांबा! अहो, तुम्ही ते आत घेताय की बाळंत होताय?"

मग त्यांनी मला उठवून बसवलं आणि सरळ सांगितलं. गर्भाशय बरंच खाली आलंय. वर जखम आहे, ती आधी भरायला हवी. त्यासाठी दहा दिवस दवाखान्यात राहा. मग आत रबराची कडी बसवते, ती गर्भाशयाला आधार देईल. तीन महिने व्यायाम करायचा, पण बरोबर. तीन महिन्यांनी कडी काढून बघेन. जागेवर राहिलं तर उत्तम. नाही राहिलं तर ऑपरेशन करून पिशवी काढून टाकावी लागेल.

"मग मूल?"

"पिशवी काढल्यावर मूल कुठून?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मूल हवं की नको हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पण टेबलावर पडल्या-पडल्या मला कळलं की मला ते हवंय, निदान तो दरवाजा दुसऱ्या कुणी बंद करू नये एवढं तरी हवंय. शिवाय माझी एक मावसबहीण पोटाच्या ऑपरेशनला गेली होती ती परत आली नव्हती. मी भ्याले होते. बाईंनी ते ओळखलं असावं. म्हणाल्या, "तीन महिने तुमचे. नंतरचं मी बघेन."

दवाखान्यातले दहा दिवस

माझ्या खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवल्या होत्या. डोकं खाली आणि पाय वर. पहिल्या दिवशी वाटलं, घसरून भिंतीत जाणार. सकाळी नर्स औषधात भिजवलेला बोळा बदलायची. मग पेज. मग बाईंची फेरी. दुपारी आई कुमुदला घेऊन यायची आणि कुमुद विटा मोजायची. संध्याकाळी पुन्हा बोळा. कुणी पाणी आण म्हणत नव्हतं, कुणी दळायला बस म्हणत नव्हतं. लग्न झाल्यापासून मी इतकी सलग निजले नव्हते. हे लिहायला थोडी लाज वाटते, पण मला तिथे बरं वाटत होतं.

व्यायाम मात्र जमेना. बाई रोज बोट ठेवून सांगायच्या, "वर ओढा." मी पोट आत घ्यायची, मांड्या आवळायची, श्वास कोंडायची. बाई म्हणायच्या, "ते नाही. आतलं." आतलं म्हणजे कुठलं, हे काही मला सापडेना. बाईंनी एकदा चित्रही काढून दाखवलं. चित्र कळलं, पण अंगाला कळलं नाही.

शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळकडची सोनाबाई होती. सात बाळंतपणं झालेली, जोंधळ्याच्या रानात राबलेली. तिचंही अंग बाहेर आलं होतं, माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. तिचं ऑपरेशन व्हायचं होतं. ती दोन दिवस माझं बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"वैनी, तुमी आढ्याकडं बघून काय मोजताय?"

"श्वास."

"श्वासानं व्हय वर जातंय त्ये?" ती कुशीवर वळली. "आवं, मोटारीत बसल्यावर मुताय लागली आन् डायवर गाडी थांबवंना, तवा काय करता?"

मी इकडे-तिकडे पाहिलं. "धरून ठेवते."

"मग त्येच धरायचं! म्होरलं बी आन् मागलं बी. धरायचं आन् वर वढायचं. हाय काय आन् न्हाय काय."

मी केलं. आतून काहीतरी अगदी हलकं, वीतभरही नाही, बोटभर वर उचललं गेलं. ते माझंच होतं आणि सव्वीस वर्षांत माझी त्याची ओळख नव्हती. मी मोठ्याने हसले. सोनाबाईही हसली.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"बाईंनीच की. पर माझं लय खाली गेलंय, वैनी. मी वढते, पर आता काय धरंना. तुमचं धरंल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोट ठेवलं आणि नुसतं म्हणाल्या, "आता बरोबर." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला चांगला शब्द होता.

एक सावधगिरीची सूचना इथेच देते. जागा कुठली आहे ते ओळखण्यापुरती ही लघवीची खूण. लघवी करताना रोज थांबवून व्यायाम करायचा नाही, असं बाईंनी मला निक्षून सांगितलं.

सोनाबाईला सहाव्या दिवशी सकाळी आत नेलं. जाताना तिने गळ्यातला मणी सोडून माझ्या हातात दिला, कारण तिच्या घरचं कुणी अजून पोचलं नव्हतं. तीन तास मी मुठीत मणी धरून विटांवरच्या खाटेत पडून होते. मावसबहिणीची आठवण येत होती आणि ती झटकता येत नव्हती. दुपारी सोनाबाईला आणलं, पांढरी फटक, पण श्वास चालू होता. संध्याकाळी डोळे उघडून तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हस कुणी काढली?" मी तिच्या हातात मणी ठेवला.

मूळ कागद

रविवारी हे साताऱ्याहून आले. त्याआधी बाईंनी मी माहेरी येताना बरोबर आणलेली ती आठ नियमांची नक्कल मागून वाचली होती. वाचून त्या गोंधळल्या. "लिहिणारा माणूस जाणकार दिसतो. पोट रिकामं, गुडघे मुडपून, घाई नको, सगळं बरोबर. आणि नेमकी मुख्य गोष्ट नाही? असं कसं होईल?"

ह्यांना त्यांनी तेच विचारलं. हे खाटेशेजारी उभे होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक चौघडी केलेला कागद काढला. मास्तरांचा मूळ कागद. त्यात नऊ नियम होते.

चौथा नियम असा होता. श्वास सोडीत असता गुदद्वार, योनी व मूत्रद्वार ही तिन्ही आत व वर ओढून घ्यावीत. हाच या क्रियेचा प्राण आहे. बाकीचे सर्व नियम केवळ याच्या सोयीसाठी आहेत.

ह्यांनी तेवढा एकच नियम गाळला होता. आणि गाळल्यावर पुढचे आकडे दुरुस्त केले होते, पाचाचा चार, सहाचा पाच, म्हणून मला कुठे खिंडार दिसलं नव्हतं. तिसऱ्या नियमात श्वास भरायचा होता आणि पुढच्यात पाच अंक धरायचं होतं. काय धरायचं ते मधल्या ओळीत होतं.

बाई कागद माझ्या हातात देऊन निघून गेल्या. त्या फार शहाण्या होत्या.

"का?" मी विचारलं.

"तो कागद स्वयंपाकघरात लागणार. बाबा उठता-बसता समोरचं वाचतात. माझ्या हातातून ते शब्द उतरेनात गं." आणि म्हणाले, "मला वाटलं, एका नियमाने काय होतंय."

मला भयंकर राग आला. मी भिंतीकडे तोंड करून पडले. हे अर्धा तास तसेच उभे राहिले आणि मग गाडीची वेळ झाली म्हणून गेले. राग पुष्कळ दिवस राहिला. पण खरं सांगायचं तर कंबर हा शब्द मीच पहिल्यांदा वापरला होता, आणि ते मला त्या भिंतीकडे बघताना आठवत होतं.

तीन महिने

कडी बसवून मी साताऱ्याला परतले. बाईंच्या सूचना अशा होत्या. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. श्वास सोडत आत-वर ओढायचं, पाच मोजायचे, पूर्ण ढिलं सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. श्वास कोंडायचा नाही. मग कंबर उचलण्याचं आसन आणि भिंतीला पाय. खोकला येतोय असं वाटलं की आधी आत ओढायचं, मग खोकायचं. परसाकडे कुंथायचं नाही. आणि घागर, दळण, जड पाटी बंद.

पहिल्या सगळ्या गोष्टी मी करू शकत होते. शेवटची कशी करणार? घरात दुखणं अजून कंबरच होतं. ह्यांनी सासूबाईंना एवढंच सांगितलं की सांगलीच्या डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केलीय.

"कमरेला?" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला नव्हत्या कंबरा?"

मग हे पहाटे उठून हौदावरून पाणी भरू लागले. धोतर खोचून, खांद्यावर घागर घेऊन. आळीतले लोक बघत. सासूबाईंना ते फार लागलं. कोर्टातला कारकून, आणि बायकोसाठी पाणी वाहतो! त्या मला थेट काही बोलत नसत. कुमुदला सांगत, "तुझ्या आईची कंबर फार नाजूक आहे हो बाई." दळण त्यांनी स्वतः घेतलं. साठीच्या बाईने जातं ओढायचं आणि मी शेजारी तांदूळ निवडायचे. त्या घरघरीत मला घास गोड लागेना. मी दोनदा उठून जात्याला हात घातला. दोन्ही वेळा ह्यांनी मला हाक मारून बोलावून घेतलं, काही कारण नसताना.

व्यायाम मी चुकवला नाही. भाजी चिरताना करायची, कुमुदची वेणी घालताना करायची, आरतीला उभी राहिले की करायची. बाहेरून कुणाला काही दिसत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. पहिला महिना काहीच फरक वाटला नाही. दुसऱ्या महिन्यात मला खोकला झाला, कडी घसरून आली आणि मी दोन दिवस काही खाल्लं नाही. हे माझ्यासमोर बसून म्हणाले, "अजून तेहतीस दिवस आहेत." त्यांनी दिवस मोजले आहेत हे मला तेव्हा कळलं. राग तिथे थोडा उतरला. आईच्या ओळखीच्या नर्सने मिरजेहून येऊन कडी पुन्हा बसवली. संध्याकाळी खाली ओढल्यासारखं वाटायचं ते तिसऱ्या महिन्यात कमी झालं. पाच अंकांवरून मी दहावर गेले.

तीन महिन्यांनी आम्ही दोघं सांगलीला गेलो. बाईंनी कडी काढली. उभं केलं, खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, पुन्हा खोकायला लावलं. मी कपड्याची चुरगळ मुठीत धरली होती.

"राहिलंय," बाई म्हणाल्या. "पूर्वीइतकं वर नाही, पण राहिलंय. ऑपरेशन नको."

मग त्यांनी ह्यांनाही आत बोलावलं. दोन वर्षं मूल नको, म्हणाल्या. त्यानंतर झालं तर दवाखान्यात. आणि होईलच, पुन्हा उतरणार नाहीच, असं मी लिहून देणार नाही. जड ओझं जन्मभर नाही. व्यायाम जन्मभर.

रविवारची जेवणं

परतल्यावर पहिला रविवार होता. मामंजी आणि हे पाटावर बसले होते, मी वाढत होते, सासूबाई चुलीजवळ. मी सरळ चालतेय हे त्यांना दिसत होतं. त्या खूश होत्या.

"झाली ना कंबर बरी? देव पावला. आता वर्षभरात पाळणा हलू दे. आणि उद्यापासून पाणी तू आण बाई, ह्याचे हाल मला बघवत नाहीत."

ह्यांचा हात ताटात थांबला.

"आई," ते म्हणाले, "हिची कंबर कधीच दुखत नव्हती."

मी भाताचं भांडं खाली ठेवलं.

"हिचं अंग बाहेर येत होतं. मुलगा झाला तेव्हापासून. आता व्यायामाने वर राहिलंय. ओझं उचललं तर पुन्हा येईल. पाणी मी आणणार. आणि मूल होईल न होईल ते आम्ही दोघं बघू. नाही झालं तर कुमुद आहे."

हे सगळं ते ताटाकडे बघून बोलले, पण बोलले. मामंजींनी हातातला घास खाल्ला, मग नुसतं म्हणाले, "ताक आण गं." मी ताक वाढलं.  पुरुषांची जेवणं उरकली, दोघं उठून बाहेर गेले.

सासूबाई चुलीपुढून हलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता बोलतील. काय बोलतील याची माझी तयारी होती, पाळण्याचं, घराण्याचं, नवसाचं. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"आणि मी तुला जात्यावर बसवत होते," त्या म्हणाल्या.

मी उष्टी ताटं उचलायला वाकले.

"रोज तेल लावत होते मी तुझ्या कमरेला. रोज विचारत होते, आज कसं आहे. एकदा तरी सांगायचंस. मी काय तुला घागर उचलू दिली असती गं?"

त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने माझं पान वाढलं.